एकशे शहात्तरनंतर एकशे त्र्याण्णव

१

सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या टेबलावर एक पिवळं कार्ड आलं, आणि पंचवीस वर्षं तिथं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाची नोकरी शनिवारी जाणार असं मंगळवारपर्यंत ठरूनही गेलं.

कार्डावर गणिताच्या मास्तरांनी लिहिलं होतं : ‘पान १७६ नंतर एकदम १९३. मधली सोळा पानं नाहीत. लेखकाने गाळली असतील तर उत्तम, पुस्तक लांबलंच आहे. नसतील तर चौकशी व्हावी.’

आमच्या ग्रंथपाल बाईंचा एक नियम आहे. पुस्तक घरी नेणाऱ्याने ते परत करताना कार्डावर अभिप्राय लिहायचा, खाली सभासद क्रमांक आणि तारीख घालायची. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही. वाचनकक्षात बसून वाचणाऱ्यांना मात्र सूट. ‘ते पंख्याखाली बसायला येतात, त्यांना काय विचारायचं,’ असं बाईंचं मत. कार्डं पुस्तकवार एका पत्र्याच्या डब्यात, टेबलावरच, कुणीही चाळावी अशी.

पुस्तक होतं ‘सतरा नंबरचं गाठोडं’. पोलिसांच्या भ्रष्टाचारावरची कादंबरी. ठाण्यात जप्त केलेल्या मुद्देमालाचं एक गाठोडं बदललं जातं आणि एक निरपराध ट्रकचालक तुरुंगात जातो, अशी गोष्ट. लेखक गावातलाच, पूर्वीचा कोर्टाचा वार्ताहर. त्यामुळे कादंबरीतला फौजदार कोण आणि मुद्देमालाच्या खोलीचा हवालदार कोण, हे सगळ्यांना पहिल्या दहा पानांतच कळलं होतं. फौजदार म्हणजे आता निवृत्त झालेले आणि ग्रंथालयाचे अध्यक्ष असलेले ‘साहेब’. हवालदार म्हणजे माझे बाबा.

म्हणूनच मी ती वाचली नव्हती. बाबांनी वर्षभरापूर्वी एवढंच म्हटलं होतं, “ते घरात आणू नकोस.” मी आणलं नाही.

मंगळवारी मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून परस्पर ग्रंथालयात गेले. नमुन्यांच्या बाटल्यांनी पिशवी जड झाली होती. तिचा बंद मागच्या महिन्यात तुटला होता, तो बाबांनी शिवून दिला होता. आई गेल्यापासून घरातलं शिवणकाम त्यांच्याकडेच आहे.

“बरं झालं आलीस,” बाई म्हणाल्या. “तुला आकडेमोड येते. ही कार्डं बघ आणि मला सांग, पानं कधी गेली ते. साहेब म्हणतात बाइंडरने गहाळ केली. पुस्तक मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलं होतं, एवढा पुरावा त्यांना पुरतो. शनिवारी सभा आहे, काढून टाकणार त्याला.”

“नुसत्या संशयावर?”

“मागे एका चरित्राची आठ पानं त्याने उलटी बांधली होती ना. नायक आधी वारला आणि मग शाळेत गेला. तेव्हापासून साहेबांच्या डोक्यात तो बसलाय.”

मी डबा ओढून घेतला.

२

एकूण सतरा कार्डं. ती मी तारखेप्रमाणे लावली. पाण्याच्या नमुन्यांचंही असंच असतं. एका नमुन्यावरून काही कळत नाही, ओळीने लावले की कुठल्या दिवशी काय मिसळलं ते दिसतं.

पहिली दहा कार्डं एका सुरात होती. ‘हवालदार मनात घर करतो.’ ‘हवालदार तक्रारपत्र लिहितो तो प्रसंग वाचताना अंगावर काटा आला.’ ‘असा एक जरी माणूस खात्यात असेल तर आशा आहे.’ अकरावं खुद्द साहेबांचं, मागच्या महिन्याच्या तीन तारखेचं : ‘हवालदाराचं तक्रारपत्र अतिरंजित. ठाण्याचा कारभार लेखकाला ठाऊक नाही.’ म्हणजे साहेबांनी वाचलं तेव्हा पानं जागेवर होती.

बारावं एका परिचारिकेचं, बारा तारखेचं : ‘मधे सलग ड्यूटी आल्याने वाचन तुटलं, संदर्भ लागला नाही. चूक माझी.’

तेरावं वीस तारखेचं, सलूनवाल्याचं : ‘हवालदार तक्रारपत्र लिहितो तो प्रसंग वाचताना अंगावर काटा आला.’

त्यानंतर एकवीस ते पंचवीस पुस्तक बाइंडरकडे, पुठ्ठा निखळला म्हणून. आणि मग नुसता गोंधळ.

‘हवालदार चांगला की वाईट, शेवटपर्यंत कळलं नाही. लेखकालाही कळलं नसावं.’

‘फार उच्च दर्जाचं पुस्तक. काही समजलं नाही.’

‘दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त गोंधळ झाला.’

सतरावं मास्तरांचं.

गंमत अशी, की पान १७६ ची शेवटची ओळ होती, ‘हवालदाराने खिशातली किल्ली काढली आणि’, आणि १९३ ची पहिली, ‘साहेबांसमोर मान खाली घालून उभा राहिला.’ वाक्य बेमालूम जुळत होतं. पानांचे आकडे कोण बघतं? गणिताच्या मास्तरांशिवाय कुणीच नाही. बाकीच्यांनी आपल्याच अकलेला दोष देऊन पुस्तक परत केलं होतं.

मी बाईंना सांगितलं, वीस तारखेला पानं होती, बाइंडरकडून आल्यावर नव्हती. सांगताना माझा आवाज पडला होता. माझ्या पदवीचा प्रकल्प बाइंडरकाकांनीच बांधून दिला होता, वर सोनेरी अक्षरं हौसेने घातली होती.

“म्हणजे साहेब बरोबर,” बाई म्हणाल्या. “मी तुला उगाच बोलावलं.”

३

बाइंडरकाका मागच्या खोलीत सरस ढवळत होते. मी पुस्तक पुढे केलं तर त्यांनी हात पुसले, पुस्तक कण्यावर उभं धरून उघडलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

“पानं फाडलेली नाहीत,” ते म्हणाले. “अख्खा जुज गेलाय. सोळा पानांची घडी असते ती, मधोमध दोऱ्याने शिवलेली. दोरा कापून घडी अलगद काढली आणि शेजारच्या दोन घड्या पुन्हा एकमेकींना शिवल्या. काम चांगलं आहे. पण माझं नाही.”

“कशावरून?”

“हे बघ. टाका एकाच भोकातून दोनदा गेलाय. आणि दर दोन टाक्यांनंतर गाठ. पुस्तकाला अशी गाठ कुणी देत नाही, पुस्तक उघडायचं असतं. ही गाठ कुणाची, तर आपण शिवलेलं दुसऱ्या कुणी उघडू नये असं ज्याला वाटतं, त्याची.”

“तुम्ही पुठ्ठा लावताना दिसलं नाही तुम्हाला?”

“पुठ्ठा लावायला सांगितला, पुठ्ठा लावला. आत डोकावलो असतो तर म्हणाले असते, वाचत बसतो.” त्यांनी पुस्तक मिटलं. “हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शिवण तुझी नाही हे सांगणारा तूच ना?”

पिशवी मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले.

“पंचवीस वर्षं,” काका म्हणाले. “दुसरं काही येत नाही गं मला. आणि आता पुस्तकं चिकटवलेलीच येतात, शिवतंय कोण. इथून गेलो तर घरीच बसायचं.”

निघताना मी कार्डांचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “तो सलूनवाला वाचतो असं मला माहीत नव्हतं हं. बरं वाटलं.”

मी दारात थांबले.

४

सलूनमध्ये दोन गिऱ्हाइकं होती. एकाच्या गालाला फेस, दुसरा बाकावर बसून ग्रंथालयाचं शिक्का मारलेलं पुस्तक वाचत होता.

“दादा, ते गाठोड्याचं पुस्तक तुम्ही नेलं होतं ना? त्यातला तक्रारपत्राचा प्रसंग...”

“कुठला प्रसंग?” वस्तरा थांबला नाही.

“तुम्हीच लिहिलंय, अंगावर काटा आला म्हणून.”

आरशात त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली आणि खाली गेली. “ताई, बाईंना सांगू नका. मी कशाला वाचतोय. गिऱ्हाइकं ताटकळतात म्हणून पुस्तकं आणतो. एकाने अर्धं वाचायचं, दुसऱ्याने पाव. पण कार्ड भरल्याशिवाय बाई सोडत नाहीत. मग डब्यातलं एखादं बरं कार्ड बघून तसंच उतरवतो.”

“सगळ्या पुस्तकांचं?”

“तीन वर्षं झाली. एकदा पाककृतींच्या पुस्तकाला ‘शेवट चटका लावतो’ लिहून आलो. बाई काही बोलल्या नाहीत.”

फेसवाला हसला आणि त्याला चूप बसायला सांगण्यात आलं.

मी रस्त्यावर येऊन हिशेब पुन्हा मांडला. कार्ड क्रमांक तेरा खोटं. ते काढून टाकलं तर शेवटचं भरवशाचं कार्ड साहेबांचं, तीन तारखेचं. आणि ‘चूक माझी’ म्हणणारी परिचारिका ही गोंधळलेली पहिली वाचक. मी रुग्णालयात तिला गाठलं. तिने सहा तारखेला पुस्तक नेलं होतं.

“हवालदाराने तक्रार केली ते आवडलं का?” मी विचारलं.

“त्याने तक्रार केली?” ती म्हणाली. “मला तर तोच चोर वाटला. मी स्वतःला इतकी बोलले त्या पुस्तकावरून.”

म्हणजे सहा तारखेलाच पानं नव्हती. बाइंडरकडे पुस्तक गेलं एकवीसला. काका सुटले, निदान माझ्या वहीत तरी. तीन ते सहा पुस्तक घरी कुणी नेलं नव्हतं. आणि तीनच्या आधी ते ज्यांच्या घरी होतं, ते शनिवारच्या सभेचे अध्यक्ष होते.

५

साहेबांकडे जाण्याआधी मी त्या सोळा पानांत काय आहे ते बघायला लेखकाकडे गेले. त्यांनी आपली प्रत काढून दिली आणि मी वाचत असताना माझ्याकडे बघत बसले. मला ते आवडलं नाही, पण थांबताही येईना.

गाठोडं बदललेलं पाहून हवालदार सही करायला नकार देतो. फौजदार धमकावतो. हवालदार घरी येतो, चार पानी तक्रारपत्र लिहितो, दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या कचेरीत स्वतः नेऊन देतो. ते पत्र दाबलं जातं आणि त्याची बदली होते. लिहिताना त्याची लहान मुलगी शेजारी येऊन बसते आणि विचारते, शुद्धलेखन का? तो म्हणतो, हो.

ती मुलगी मी होते. मला असं काही आठवत नव्हतं, पण मी चार वर्षांची होते, चार वर्षांचं काय आठवणार?

“हे बाबांनी सांगितलं तुम्हाला?”

“तीनदा गेलो त्यांच्याकडे. तीनदा चहा पाजला, अक्षर बोलले नाहीत,” लेखक म्हणाले. “म्हटलं, जो माणूस वीस-वीस वर्षं एवढा गप्प बसतो त्याने काहीतरी मोठं सोसलं असणार. बाकीचं मी रचलं. कादंबरी असते ती.”

शुक्रवारी दुपारी मी साहेबांसमोर बसले. सभेच्या खोलीत ते चष्मा पुसत होते. तारखा सांगितल्या, कार्डं दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी काढली म्हणतेस.”

“मी विचारतेय. त्या पानांत फौजदार उघडा पडतो.”

“पोरी, त्या पुस्तकात फौजदार पहिल्या पानावर लाच घेतो आणि शेवटच्या पानावर हार घालून घेतो. सोळा पानं काढून त्याचं काय झाकणार? अख्खं पुस्तक काढावं लागेल. आणि ते काढायला मला सुईदोरा कशाला लागतो? अध्यक्ष आहे. एका सहीने पुस्तक कपाटातून जातं. मी ते केलं नाही, कारण केलं असतं तर लोक म्हणाले असते, लागलं याला.”

हे बरोबर होतं. मला ते बरोबर असायला नको होतं.

“आता तू विज्ञान शिकलेली,” ते म्हणाले. “मला सांग, ती पानं नसली तर पुस्तकातलं कोण बदलतं? मी नाही. चालक नाही. एकच माणूस बदलतो. पानं असली तर देवमाणूस, नसली तर बिचारा कुणीतरी.”

“पण बाबा स्वतःचा चांगुलपणा कशाला कापतील?”

साहेबांनी चष्मा घातला. “ते तक्रारपत्र. तसं पत्र कधी लिहिलंच गेलं नाही. गेलं असतं तर आज मी या खुर्चीत असतो का? घरी जा. बापाला विचार.”

६

मी घरी न जाता ग्रंथालयाच्या पायरीवर बसले. माझं डोकं चालेना. साहेब खोटं बोलतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य खोटं, असं मात्र धरता येत नव्हतं. आणि मला तर तेच धरायचं होतं.

माझी मांडणी कुठे चुकली असेल ते शोधायला लागले, कारण तेवढंच मला येतं. तीन ते सहा पुस्तक घरी कुणी नेलं नाही, हे कार्डांवरून. पण कार्ड भरतात कोण? पुस्तक घरी नेणारे. माझ्या सगळ्या यादीत वाचनकक्षात बसणारा एकही माणूस नव्हता. त्यांना बाई विचारतच नाहीत. आणि वाचनकक्षात रोज दहा ते बारा, खिडकीजवळच्या खुर्चीत, कोण बसतं ते मला माहीत होतं. मीच त्यांना जेवणाचा डबा भरून ठेवते.

पिशवी खांद्यावर घेताना बंदावरून हात गेला.

टाका एकाच भोकातून दोनदा. दोन टाक्यांनंतर गाठ.

बाटल्या वाजणार नाहीत अशा बेताने मी पिशवी पुन्हा खाली ठेवली. मुद्देमालाचं गाठोडं असंच शिवतात. कापडात बांधायचं, असं शिवायचं, वर लाखेचा शिक्का. शिवण उसवली तर लगेच दिसावी म्हणून. बाबांनी आयुष्यभर दुसरी शिवण शिवलेली नाही. माझे उशांचे अभ्रेही तसेच आहेत.

घरी पोचले तेव्हा बाबा सदऱ्याला इस्त्री करत होते. मी पिशवी टेबलावर ठेवली, बंद वर करून, आणि शेजारी पुस्तक उघडलं, १७६ वर.

त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. मग कपाटातून कापडात शिवलेलं एक छोटं गाठोडं आणून पुस्तकाशेजारी ठेवलं. आत काय आहे ते विचारायची गरज नव्हती.

“जाळली का नाहीत?” मी विचारलं.

“मुद्देमाल नष्ट करायला वरचा हुकूम लागतो,” ते म्हणाले. हसले नाहीत.

“बाबा, का?”

ते खुर्चीवर बसले. “मागच्या महिन्यात चार तारखेला शाळेत बोलावलं होतं मला, आठवतं? प्रामाणिकपणावर बोलायला. तू फोटो काढलास. तिथं एक मुलगी उठली. म्हणाली, काका, ते पत्र लिहिताना तुम्हाला भीती नाही वाटली? तीनशे पोरं बघत होती माझ्याकडे. मी म्हटलं, वाटली. टाळ्या वाजल्या.” त्यांनी सदऱ्याची बाही सरळ केली. “मी त्याआधी दोघा-तिघांना सांगून पाहिलं, असं काही पत्र नव्हतं म्हणून. ते म्हणाले, किती विनय. मग मी काय करायचं? त्याच दुपारी पुस्तक सदऱ्याखाली घालून आणलं, दुसऱ्या दिवशी जागेवर ठेवलं.”

“पण लोक नुसते गोंधळले. काहींना तुम्हीच चोर वाटायला लागलात.”

“गोंधळलेले बरे. खोटं कळण्यापेक्षा काहीच न कळलेलं बरं.”

मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. “खरं काय झालं होतं?”

“साहेबांनी किल्ली मागितली, मी दिली. गाठोडं आत नेलं, बाहेर आणलं. शिवण उसवलेली होती. म्हणाले, शिवून टाक. मी शिवलं.” हे सगळं ते अहवाल वाचल्यासारखं बोलले. “कोर्टात मला विचारलं, ही शिवण तुमची आहे का? मी म्हटलं, माझी आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं बघ. चालकाला सहा वर्षं झाली. त्याची आई ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची. मी बदली मागून घेतली. ती शिक्षा नव्हती, अर्ज माझाच होता.”

मला वाटत होतं मला राग येईल, किंवा रडू येईल. दोन्ही आलं नाही. ज्या माणसाने मला पावती नसेल तर पेन्सिलही शाळेतून घरी आणू दिली नाही, तो हा, आणि गाठोडं शिवणाराही हाच. मी दोघांना एकमेकांवर ठेवून बघत होते आणि कडा जुळत नव्हत्या.

“उद्या सभेत बाइंडरकाकांना काढणार आहेत,” मी म्हटलं. “याच पानांसाठी.”

“माहीत आहे. मंगळवारपासून ऐकतोय.”

“आणि तुम्ही रोज तिथं जाऊन पेपर वाचताय.”

बाबांनी इस्त्रीचं बटण पुन्हा लावलं आणि ती तापेपर्यंत तिच्याकडेच बघत उभे राहिले.

“मी सांगू का सभेत?” मी विचारलं.

“सभा किती वाजता आहे?”

“अकरा.”

“मग तू कामावर जा,” ते म्हणाले.

७

मी कामावर गेले नाही. अकराला पाच कमी असताना मी सभेच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी होते. टेबलाच्या एका टोकाला साहेब, शेजारी बाई इतिवृत्ताची वही घेऊन, पलीकडे बाइंडरकाका. इतर दोन सदस्य घड्याळ बघत होते.

बाबा आले, गाठोडं टेबलावर ठेवलं, बाईंकडून कात्री मागितली आणि शिवण स्वतः उसवली. सोळा पानं एकाही पानाला दुमड न पडता बाहेर आली.

“ही मी काढली,” ते म्हणाले. “बाइंडरचा काही संबंध नाही.”

एक सदस्य म्हणाला, “पण यात तर तुमचं चांगलंच लिहिलंय.” दुसरा म्हणाला, “वयोमानाने होतं असं.” साहेबांनी घसा साफ केला. “झालं तर मग. पानं मिळाली, विषय संपला. बाइंडरवरचा ठराव मागे. बाई, एवढंच लिहा.”

“समोर बसून पेपर वाचत होतात,” बाइंडरकाका बाबांना म्हणाले. “बुधवारी मी चहा आणून दिला तुम्हाला. घेतलात.”

“घेतला,” बाबा म्हणाले.

“काय म्हणू मी तुम्हाला?”

“काही म्हणू नका. मला लिहून द्यायचंय.” ते बाईंकडे वळले. “मी सांगतो, तुम्ही लिहा. खाली सही करतो.”

बाईंनी पेन उचललं. “तारीख काय घालू? मागच्या महिन्याची ना?”

“ती दोन नंबरला घ्या. एक नंबरला बावीस वर्षांपूर्वीची येईल.”

साहेबांनी वहीवर हात ठेवला, अगदी हलकाच. “हे आजच्या विषयपत्रिकेत नाही. या वहीत ते लिहिता येणार नाही. काय बोलताय त्याचा विचार करा, हवालदार.”

बाई साहेबांकडे बघत होत्या, मग बाबांकडे, मग माझ्याकडे, जणू माझ्याकडे याचंही एखादं कार्ड असेल. माझ्याकडे काही नव्हतं. बाबांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि बोलू नये असंही तितकंच वाटत होतं, कारण त्यानंतर ते कुठल्या कचेऱ्यांत उभे राहतील, त्यांचं काय होईल, यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

“सभा माझ्या नावाने बोलावली होती ना?” बाइंडरकाका म्हणाले. त्यांचा राग अजून गेलेला नव्हता, तो आवाजात तसाच होता. त्यांनी साहेबांच्या हाताखालून वही ओढली आणि बाईंपुढे सरकवली. “मग मी सांगतो. लिहू द्या त्यांना.”

बाईंनी नवीन पान उलटलं.

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. दोन्ही हात बाजूला सरळ ठेवून, साहेबांकडे न बघता, पण मान वर करून ते उभे राहिले आणि बाईंना लिहायला जमेल इतक्या सावकाश म्हणाले, “घ्या. त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती.”